दाब, धर, सोड

“सांग त्याला, चप्पल काढून बस म्हणावं. अनवाणी पायाला पेडल कळतं,” रंगादादा गाडीखालून म्हणाला.

स्टेअरिंगमागं जालिंदर बसला होता, आमचा धाकटा. दादाच्या तोंडापासून त्याच्या कानापर्यंतचं अंतर ते काय, मधे नुसता पत्रा. त्याला अक्षर न् अक्षर ऐकू गेलं होतं. तरी गडी ढिम्म. समोर उघडलेल्या बॉनेटकडं बघत बसला. मी दाराशी उभी. पोट हातभर पुढं आलेलं, एक हात कमरेवर, एक हात टपावर.

“जालू, चप्पल काढ,” मी म्हणाले.

मग त्यानं चप्पल काढली. “काढली म्हणावं.”

“काढली रं दादा.”

असं चाललं होतं. हसू येतंय ना? सुरुवातीला मलाही आलं होतं.

मी शालन. दोन भावांमधली. नवरा कराडकडं साखर कारखान्यात, आणि पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. माहेर पाटणच्या वर, घाट चढून गेलं की पठारावर, सडेवाडी. सगळं मिळून पंचवीस-तीस घरं, एक शाळा आणि वारा. त्या दिवशी सकाळी उपकेंद्राच्या नर्सबाई फिरतीवर आल्या होत्या. माझ्या पोटावर नळी ठेवून त्यांनी बराच वेळ ऐकलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग नळी पिशवीत घातली आणि माझ्याकडं न बघता आईला म्हणाल्या, “ठोके मंद लागत्यात. हिला आत्ताच्या आत्ता कराडला न्या. उद्यावर टाकू नका.”

आई म्हणाली, “दिवस भरल्यात, कळा बी बारीक बारीक सुरू हायत, हितंच मोकळी हुईल की.”

“आजी, मी सांगतेय ते ऐका. बाळ दमलंय.”

बाळ दमलंय. हे दोन शब्द माझ्या कानात अजून आहेत. न जन्मलेलं पोर कशानं दमतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पण भीती बसली. मी पोटाला हात लावून म्हणाले, थांब गं, नेतो तुला. ‘गं’च म्हणाले. मला पहिल्यापासून मुलगीच वाटत होती.

एसटी नर्सबाईंना सोडून तशीच खाली गेलेली. डेअरीची जीप पहाटेच गेलेली. गाव सगळा भाताच्या कापणीला शिवारात. उरली आमची गाडी.

ही गाडी म्हणजे बाबांची जुनी ॲम्बॅसिडर. बाबांनी आयुष्यभर तिच्यावर भाडं मारलं. त्यांच्यामागं जालू चालवायचा आणि दादा रस्त्याकडंच्या शेडमध्ये दुरुस्ती करायचा. एकाचे हात, एकाचे पाय, असा तो संसार. फक्त दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

का, ते सांगते. ऐकून तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल.

बाबांच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करायला लागले. दादानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. कावळा फांदीवर. जालूला सांभाळीन, शालनचं सणवार करीन. कावळा तिथंच. शेवटी दादा रडकुंडीला येऊन म्हणाला, “बाबा, तुमची गाडी इकणार न्हाई. जीव हाय तवर इकणार न्हाई.” आणि काय सांगावं, कावळा झपकन् खाली आला आणि भाताचा घास घेऊन गेला. लोकांनी हात जोडले. आमचा जालू मात्र फिस्सकन् हसला. म्हणाला, “भूक लागली आसंल त्याला. गाडीचं काय घिऊन बसलाईस?” दादानं सगळ्या भावकीदेखत त्याच्या मुस्काटात दिली. चप्पल नदीत वाहून जावी तसं त्या दोघांचं बोलणं तिथून गेलं. घर एक, चूल एक, ताट शेजारी शेजारी, आणि “त्याला म्हणावं भाकरी हवी का” असं आईला, नाहीतर रत्नावैनीला सांगायचं. रत्नावैनी म्हणजे दादाची बायको. ती बिचारी दिवसभर टपालासारखी इकडून तिकडं.

तर गाडी. ब्रेकचं पेडल दाबलं की ज्या नळकांड्यातून तेल चारी चाकांना जातं, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. तो बॉनेटखाली ड्रायव्हरच्या समोर असतो. आमचा गळत होता. पेडलच्या दांड्यावरून तेल थेंब थेंब जालूच्या अंगठ्यावर पडायचं, इतकं की त्याच्या चपलेचा रंग उडाला होता. पण दादाला सांगेल तर शपथ. तो आपला तेलाची बाटली सीटखाली ठेवायचा, रोज सकाळी वरून ओतायचा आणि जायचा. दादाला काय दिसत नव्हतं? गाडी उभी राहायची तिथली माती रोज ओली. त्यानं कराडहून नवा सिलिंडर आणूनही ठेवला होता. शेडमध्ये खिळ्याला टांगलेला, खोक्यावर बोटभर धूळ. बसवत का नव्हता? तर सिलिंडर बसवायला एक माणूस पुरतो; पण नंतर पायपातली हवा काढायला दोन लागतात. एक वर पेडल दाबणारा आणि एक खाली चाकाशी नट सोडणारा. आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं. इथंच घोडं पेंड खात होतं.

त्या सकाळी जालू म्हणाला, “तशीच काढतो. हळूहळू जातो.” किल्ली फिरवून त्यानं गाडी अंगणातनं पुढं घेतली, ब्रेक मारला, आणि पेडल सरळ जमिनीला टेकलं. गाडी उकिरड्याच्या कडेला जाऊन थांबली.

दादा शेडमधून धावत आला. “आई, त्याला म्हणावं, हिला घाटात मारायची हाय का? उतर म्हणावं खाली!”

आणि तो खिळ्यावरचं खोकं काढून आला.

जुना सिलिंडर काढायला, नवा बसवायला त्याला फारसा वेळ लागला नाही. हात सोन्यासारखे त्याचे. पायपाचा नट सोडला, दोन बोल्ट काढले, काळंकुट्ट तेल गळणारा जुना सिलिंडर बाहेर. “आतला रबर खाल्लाय सगळा,” स्वतःशीच बोलला. नवा बसवला, तेल भरलं. मी पायरीवर बसून बघत होते. पोटात लेक एकदा जोरात फिरली. लाथच मारली म्हणा ना. मी आईला म्हणाले, “बघ, हाय की गं चांगली!” आईनं माझा हात दाबला. आम्हाला वाटलं, चहा होईस्तोवर निघू.

मग हवा काढायची वेळ आली. रत्नावैनीला बसवून बघितलं. ती बुटकी, सीटच्या टोकाला आली तरी पेडलवर नेट लागेना. राहिला जालू. तो येऊन बसला, दादा मागच्या चाकाशी गाडीखाली शिरला. आणि निरोप्या कोण? वैनी माझी पिशवी भरायला आत गेलेली, आईला आता नीट ऐकू येत नव्हतं. मग मीच उठले. नाहीतरी मधली मीच होते.

काम सोपं असतं. वरच्यानं पेडल चार-पाचदा दाबायचं आणि धरून ठेवायचं. “धरलंय” म्हटलं की खालच्यानं नट सोडायचा, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. नट परत आवळला की “सोड” म्हणायचं, मगच वरच्यानं पाय काढायचा. आधी काढला तर गेलेली हवा परत आत. बस्. एवढंच.

“सांग त्याला, दाब म्हणावं.”

“दाब, जालू.”

दाबलं. दाबलं. दाबलं.

“धर म्हणावं.”

“धर.”

“धरलंय म्हणावं.”

पण मी “धर” म्हणाले ते दादाला ऐकू आलंच होतं की. त्यानं “धरलंय”ची वाट न बघता आधीच नट सोडला होता. जालूचा पाय तेव्हा कुठं वर येत होता. फुस्स झालं. तेल आत ओढलं गेलं, हवेसकट.

“अरं, धर म्हटल्यावर धराय येत न्हाई का? इचार त्याला!”

“त्याला म्हणावं, मी धरलंय म्हणायच्या आधी कशापायी सोडलं?”

“जालू, दादा म्हणतोय… दादा, जालू म्हणतोय…” मी एकदा इकडं वाकते, एकदा तिकडं. वाकताना पोट मांडीवर दाबलं जायचं. मी म्हणाले, “आता दोघं माझं ऐका. मी बोलल्याबिगर कुणी काय करायचं न्हाई.” बरं म्हणाले दोघं. मलाच, एकमेकांना नाही.

परत. दाब, दाब, धर. धरलंय. नट सुटला. आणि नेमकी तेव्हा मला कळ आली. बारीक नाही, चांगली पाठीतून निघून मांडीपर्यंत गेलेली. दादानं नट आवळला आणि म्हणाला, “सोड म्हणावं.” माझ्या तोंडून शब्द निघेना. जालूचा पाय थरथरायला लागला. त्यानं ऐकलं होतं ‘सोड’. पण मी म्हटलं नव्हतं ना! तो तसाच दाबून बसला. दादाला वाटलं, सोडून परत धरलंय. त्यानं पुढच्या खेपेसाठी परत नट ढिला केला आणि तेवढ्यात जालूचा पाय वर आला. परत हवा आत.

“शालन, लक्ष कुठं हाय तुझं?” दादा खालून खेकसला.

लक्ष कुठं आहे! मी मणाचं पोट घेऊन उन्हात उभी, आणि लक्ष कुठं आहे म्हणून मलाच विचारतात. आई पायरीवरून म्हणाली, “आरं, कळ आली तिला.” एक जण तरी म्हणाला असता, “ये, मीच सांगतो, तू बस.” नाही. दोघांनी वाट बघितली, माझी कळ जाईपर्यंत.

“हं, सांग त्याला, दाब म्हणावं.”

पुन्हा सुरू. एक चाक कसंबसं झालं. दुसरं सुरू केलं. तेलाच्या टाकीकडं कुणाचं लक्ष? प्रत्येक वेळी थोडं तेल बाहेर जातं, ते वरून भरत राहावं लागतं, नाहीतर टाकी रिकामी होऊन सिलिंडरच हवा ओढतो. हे दादाला माहीत, जालूलाही माहीत. दादाला वाटलं, जालू वर आहे, तो बघेल. जालूला वाटलं, मिस्त्री तो आहे, तो सांगेल. विचारायचं कुणी कुणाला?

एकदम पेडल धपकन् खाली गेलं. सुर्रर्र असा आवाज आला.

दादा गाडीखालून बाहेर आला, टाकीत डोकावला. तळ दिसत होता. त्यानं पान्हा जमिनीवर आपटला. “सगळं पयल्यापासनं! त्याला म्हणावं, डोळं फुटलं हुतं का? टाकी समूर हाय त्याच्या!”

“त्याला म्हणावं, मला काय सपान पडतंय? बाटली त्याच्याजवळ हाय!”

“बाटली संपली म्हणावं! आता तेल कुठनं आणायचं? पाटणला जायाचं का चालत?”

जालूनं सीटखाली हात घातला आणि त्याची ती रोजची बाटली काढून माझ्या हातात दिली. जवळजवळ भरलेली. पहिल्यापासून तिथं होती. मी ती दादाला दिली. माझे हात तेलानं चिकट झाले आणि तेवढ्यात पोटात लेक हलली. लाथ नव्हती ती. कुशीवर वळावं तशी, जड, सावकाश वळली. मी पोटावर हात ठेवला. तेलाचा पंजा उमटला माझ्या पातळावर. परत हलेल म्हणून मी थांबले.

“शालन, सांग त्याला…”

मी नाही सांगितलं.

मी गाडीला धरत धरत मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. दार लावून घेतलं. दादा म्हणाला, “शालन?” जालू मागं वळून म्हणाला, “आक्के, काय झालं?” मी तोंड मिटलं ते मिटलं. मरायचं तर इथंच मरू, म्हटलं. पण एक शब्द आता इकडचा तिकडं करणार नाही.

रत्नावैनी पिशवी घेऊन बाहेर आली. परिस्थिती बघून सवयीनं पुढं झाली. “काय सांगू भावजींस्नी?” तिनं दादाला विचारलं. तर आमच्या आईनं, जिला धड ऐकू येत नव्हतं त्या आईनं, पायरीवरून उठून तिचं मनगट धरलं.

“कुणी सांगायचं न्हाई,” आई म्हणाली. “आज कुणी सांगायचं न्हाई.”

दादानं टाकी भरली. गाडीखाली गेला. जालू समोर बघत बसला. त्याची मान मला मागून दिसत होती, घामानं निथळत होती. वारा तेवढा वाहत होता. शेडवरचा पत्रा वाजत होता. मी मनात म्हणत होते, बोला रे. बोला मुडद्यांनो, बोला.

“दाब,” दादा म्हणाला.

कुणाला म्हणाला, काही नाही. नाव नाही, गाव नाही. नुसतं दाब.

जालूनं दाबलं.

“धर.”

“धरलंय.”

आवाज फुटका आला त्याचा. नट सुटल्याचा, तेल बाटलीत पडल्याचा आवाज आला.

“सोड.”

दाब, धर, धरलंय, सोड. मागची दोन चाकं झाली, पुढची दोन झाली. मधे एकदा जालू म्हणाला, “टाकी अर्धी झाली,” आणि दादा म्हणाला, “भर थोडी.” इतकं सरळ. इतकं साधं. चुलीवर ठेवलेला चहा उतू जायच्या आत काम झालं. दादा बाहेर आला, स्वतः पेडल दाबून बघितलं. दगडासारखं घट्ट.

सूर्य तोवर डोक्यावरून ढळला होता.

निघालो. पुढं दोघं, मागं मी आणि आई. घाटात प्रत्येक वळणावर जालू ब्रेक दाबायचा आणि गाडी आज्ञेत असलेल्या बैलासारखी थांबायची. “लागतोय चांगला,” तो एकदा म्हणाला. “लागंल,” दादा म्हणाला. आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती रडत होती, आणि मला कानात म्हणत होती, “बोलली गं दोघं. शालू, ऐकलंस का? बोलली गं माझी पोरं.”

मी ऐकलं होतं. माझे दोन्ही हात पोटावर होते. पोट दर कळेला दगड व्हायचं आणि परत सैल पडायचं. आत मात्र काही हलत नव्हतं. मी बोटांनी टोचून बघितलं. नाव घेऊन हाक मारली, मनातल्या मनात. नाव मी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं, काढलं, परत लावलं. मग विचारलं, “बाळ शेवटचं कधी हललं?”

“टाकीतलं तेल संपलं तेव्हा,” मी म्हणाले.

त्यांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, बाई भ्रमात बोलतेय.

लेक झाली. पूर्ण वाढीची, डोक्यावर दाट जावळ, नखं वाढलेली. फक्त रडली नाही. मी डॉक्टरीणबाईंचा हात धरून विचारलं, दुपारी आलो असतो तर? सकाळी आलो असतो तर? त्या भल्या बाई होत्या, खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “सांगता येत नाही. कदाचित.”

त्या ‘कदाचित’बरोबर मी संसार केला. त्याच्याशी भांडले, त्याला उशाला घेऊन झोपले.

बाहेर व्हरांड्यात दादा आणि जालू एकमेकांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होते. दारातून मला दिसत होते. “मी चुकलो रं जालू.” “न्हाई दादा, माझंच चुकलं.” बैल गेला नि झोपा केला. आणि नंतर जो येईल तो हेच. मावश्या, आत्या, चुलत्या. पदर डोळ्याला लावायच्या आणि म्हणायच्या, “लेक गेली, पर जाता जाता दोन्ही मामांना एक करून गेली. पुण्यवान जीव.” शेवटी एकदा आईही म्हणाली. तेव्हा मात्र माझा तोल गेला.

“माझी लेक काय तुमच्या समेटाचा नारळ हुती गं?” मी ओरडले. “फोडला आन् गोडी झाली?”

दादा आणि जालू दारातच होते. त्यांनी ऐकलं. त्यानंतर मी त्या दोघांशी बोलले नाही.

भांडण नाही, शिवीगाळ नाही. दर भाऊबीजेला ते यायचे, मी ओवाळायची. टिळा लावायची, ताट पुढं करायची, जेवू घालायची. फक्त शब्द नाही. पुढं मला दुसरी मुलगी झाली, स्नेहल. ती बोलायला लागली तशी आमच्यात उभी राहायला लागली. “आई, मोठा मामा विचारतोय, मिरच्या लावल्या का औंदा.” “सांग त्याला, लावल्यात.” आई गेली तेव्हा तिच्या दहाव्यालाही आम्ही नदीवर अशीच उभी होतो. तिकडं ते दोघं खांद्याला खांदा लावून, इकडं मी. आईच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. तिची इच्छा केव्हाच पुरी झाली होती.

दोघांनी मिळून पाटणला मोठं गॅरेज टाकलं. दोघांच्या नावाची पाटी आहे. ती ॲम्बॅसिडर दादानं विकली नाही, गॅरेजच्या मागं ठोकळ्यावर उभी आहे म्हणे. मी बघायला गेले नाही.

औंदाच्या भाऊबीजेला दोघं आले. दादा आता वाकलाय, हात कापतात. जालूला इंजिनांच्या आवाजानं ऐकू कमी येतं. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. स्नेहल पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आलेली, दिवस भरत आलेले. ओवाळून झालं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, दादा पाटावर, आणि स्नेहल मधे.

“स्नेहू, इचार तुझ्या आईला, गुडघं कसं हायत.”

“आई, मामा विचारतायत, गुडघे कसे आहेत.”

“सांग, बरं हायत.”

“बरे आहेत म्हणते.”

मी बघितलं. पोरीचं पोट पुढं आलेलं. एक हात कमरेवर, एक हात दाराच्या चौकटीवर. एकदा इकडं वळत होती, एकदा तिकडं.

“तू बस,” मी तिला म्हणाले. “आत जाऊन बस. मधे उभी राहू नकोस.”

“अगं, पण मामा…”

“बस म्हटलं ना!”

ती आत गेली. आता मधे कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. निरांजन अजून जळत होतं. दादा ताटातल्या करंजीकडं बघत बसला होता, माझी नजर फरशीवर. उठून आत जावं असं मला दोनदा वाटलं, पण पाय उचलेना.

“शालन,” दादा म्हणाला.

किती वर्षांनी त्याच्या तोंडून सरळ माझं नाव ऐकलं. मी मान वर केली नाही.

“एक इचारायचं राहिलं,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्या दिवशी जालूचा फुटला होता तसा फुटला. “तिचं नाव काय ठेवणार हुतीस?”

आजपर्यंत मला हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, आईनं नाही. सगळ्यांनी मला विसर म्हणून सांगितलं, दुसरी होईल म्हणून सांगितलं, देवाची इच्छा म्हणून सांगितलं. नाव कुणी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली. पदर लावायचंही भान राहिलं नाही.

“मंजुळा,” मी म्हणाले.

दारापाशी जालू कानामागं हात धरून पुढं वाकला. “काय म्हणाली रं दादा? काय म्हणाली?”

दादा उठला, कापत कापत त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या कानाला लागून म्हणाला, “मंजुळा म्हणाली. मंजुळा.”